दिनविशेष : २४ ऑक्टोबर – अपराजित हबीबची अखेरची लढत

२०२० : रशियाच्या हबीब नुरमागोमेदोव्हने अबूधाबीत मिश्र मार्शल आर्टच्या ‘यूएफसी २५४’ या स्पर्धेत अमेरिकेच्या जस्टिन गेथजीला दुसऱ्या फेरीत पायांच्या विळख्यात मान आवळून शरण आणले आणि मॅटवरच गुडघे टेकून रडू लागला. वडील व गुरू अब्दुलमनाप जुलैमध्ये कोरोनानंतरच्या गुंतागुंतीने वारले होते. त्यांच्याविना लढणार नाही, असा शब्द आईला दिल्याचे सांगत त्याने हातमोजे काढून ठेवले. वय ३२, लढती २९, पराभव शून्य.

दागेस्तानच्या डोंगराळ भागात १९८८ मध्ये जन्मलेला हबीब कुस्ती, ज्युदो आणि साम्बो (रशियन कुस्तीप्रकार) यांवर घडला. लहानपणी तो अस्वलाच्या पिल्लाशी झुंजतानाची चित्रफीत प्रसिद्धच आहे. ठोशांनी डोळे दिपवणे हा त्याचा पिंड नव्हता. प्रतिस्पर्ध्याला जाळीपर्यंत रेटायचे, खाली खेचायचे, पायांनी पाय जखडायचे, मनगट धरून ठेवायचे आणि वरून बुक्के हाणत राहायचे. रटाळ म्हणणारे म्हणोत; कुस्ती कळणाऱ्याला ही मेजवानीच होती.

एप्रिल २०१८ मध्ये तो यूएफसीच्या लाइटवेट वजनगटाचा विजेता झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयर्लंडच्या कॉनर मॅकग्रेगरला चौथ्या फेरीत हरवल्यावर मात्र त्याने जाळीवरून उडी मारून प्रतिस्पर्ध्याच्या साथीदारांवर धाव घेतली. लढतीआधी मॅकग्रेगरची जीभ कितीही सुटलेली असो, हे अशोभनीयच होते. नऊ महिने बंदी व पाच लाख डॉलर दंड झाला.

निवृत्तीनंतर तो प्रशिक्षणाकडे वळला. त्याचा बालमित्र इस्लाम मखाचेव्हने २०२२ मध्ये तोच किताब पटकावला.