एका परीक्षाधीन विद्यार्थिनीचे संशोधन

कमला भागवत यांनी मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्रातील बी. एस्सी. पदवी १९३३ साली प्रथम वर्गात संपादन केली व बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे प्रवेशार्थ अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी तो नाकारला; कारण गुणांचे नव्हते, अर्जदार स्त्री असण्याचे होते. कमलाबाईंनी हा निर्णय मान्य केला नाही. अखेर एक वर्ष परीक्षाधीन राहण्याच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षअखेर त्यांचा प्रवेश नियमित झाला आणि पुढे इतर विद्यार्थिनींसाठीही संस्थेचे द्वार उघडले. १९३९ साली, वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम सी या द्रव्याविषयीच्या आटोपशीर प्रबंधास केंब्रिज विद्यापीठाने पीएच. डी. दिली.

विवाहानंतर कमला सोहोनी या नावाने त्या मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या अध्यापक झाल्या. तेथे त्यांच्या विद्यार्थ्यांनी कडधान्ये व नीरा यांसारख्या गोरगरिबांच्या अन्नपेयांचे पोषणमूल्य तपासले. ज्या अभ्यासाचा आरंभ अटीवर प्रवेश मिळालेल्या विद्यार्थिनीने केला, त्याचा विस्तार तिच्या विद्यार्थ्यांच्या हातून झाला. त्या अटीचे याहून निराळे मूल्यमापन करण्याचे प्रयोजन नाही.