पात्रता कुणाची तपासायची? संघाची की मैदानाची?

14 ऑक्टोबर ही तारीख आंबेडकरी माणसाला वेगळी सांगावी लागत नाही. 2025 साली त्याच तारखेला, आपण धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात असताना, गोव्यात मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर भारताचा पुरुष फुटबॉल संघ सिंगापूरकडून 1-2 असा हरला. लालियानझुआला छांगटेने 14 व्या मिनिटाला गोल करून आघाडी मिळवून दिली होती. सिंगापूरच्या साँग उई-यंगने दोन गोल केले आणि 2027 च्या आशिया चषकाचे दार भारतासाठी बंद झाले. पुढच्या महिन्यात, 18 नोव्हेंबरला, ढाक्यात बांगलादेशनेही आपल्याला 1-0 ने हरवले. बांगलादेशने भारताला हरवले ते 22 वर्षांनी.

आशा एका दिवसात मेली नाही. मार्च 2024 मध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानने आपल्याला 2-1 ने हरवले. 6 जून 2024 ला कोलकात्यात कुवेतशी 0-0 अशी बरोबरी झाली, तोच सुनील छेत्रीचा निरोपाचा सामना ठरला. पाच दिवसांनी दोह्यात कतारकडून हार झाली आणि 2026 च्या विश्वचषकाची पात्रता फेरी आपल्यापुरती संपली. कतारचा एक गोल चेंडू रेषेबाहेर गेल्यावर झाला, ही तक्रार खरी आहे. पण एका चुकीच्या शिट्टीने देशाचे फुटबॉल बुडत नाही. 1996 साली जागतिक क्रमवारीत भारत 94 व्या स्थानावर होता. 2025 च्या अखेरीस तो 142 वर आला.

मित्रहो, आपल्या ब्लॉगवर फुटबॉल कशाला, असे काहींना वाटेल. त्याचे कारण 'पात्रता' हा शब्द आहे. हा शब्द आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडावर फेकला गेला आहे. मंदिरात जायची पात्रता नाही, शाळेत बसायची पात्रता नाही, खुर्चीवर बसायची पात्रता नाही. आज हा देशच पात्रता फेरीत नापास होतो आहे. तेव्हा विचारायला हवे की पात्रता नेमकी कुठे ठरते? शेवटच्या सामन्यात, की पहिल्या मैदानाच्या फाटकावर?

लोकसंख्येचा हिशोब नाशिकवरून करू

एवढा मोठा देश आणि अकरा खेळाडू मिळत नाहीत, असे टीव्हीवर दर वेळी ऐकू येते. हा हिशोब आम्ही नाशिकवरून करतो. सिंगापूरची लोकसंख्या साधारण 60 लाख. 2011 च्या जनगणनेत एकट्या नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या 61 लाख होती. म्हणजे आपला जिल्हा जेवढा, तेवढ्या देशाने भारताला भारतात येऊन हरवले. 2026 च्या विश्वचषकासाठी केप व्हर्दे हा देश पात्र ठरला. त्याची लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या मालेगाव शहराएवढी. कुरासाव तर दीड लाखाच्या घरात.

आता देशातलेच उदाहरण घ्या. मिझोरामची लोकसंख्या 2011 साली सुमारे 11 लाख होती आणि नाशिक शहराची जवळपास 15 लाख. त्या मिझोरामने 2014 साली संतोष ट्रॉफी जिंकली. 2017 साली ऐझॉल एफसी आय-लीगचा विजेता झाला. त्याचे प्रशिक्षक होते खालिद जमील. तेच आज भारतीय संघाचे प्रशिक्षक आहेत. मडगावात भारताचा एकमेव गोल करणारा छांगटेही मिझोरामचाच. मिझो रक्तात काही वेगळे आहे काय? नाही. तिथे गल्लीतले मैदान कुठल्या जातीचे आहे, हा प्रश्न मुलाला पडत नाही. खेळणारा पोरगा कुणाचा, हे विचारून त्याला बाहेर काढले जात नाही.

म्हणून लोकसंख्येच्या आकड्याला अर्थ नाही. त्यातल्या किती जणांसाठी मैदान उघडे आहे, तोच खरा आकडा. 140 कोटींमधून संघ निवडला जातो, हे खोटे आहे. मैदानापर्यंत पोहोचू शकणाऱ्या मूठभरांमधून तो निवडला जातो.

अनवाणी पायांचे कौतुक

इतिहास पाहू. 31 जुलै 1948 ला लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा संघ फ्रान्सविरुद्ध खेळला आणि 1-2 असा हरला. कर्णधार होते टालिमेरेन आओ, नागा समाजातले डॉक्टर. बहुतेक खेळाडू अनवाणी होते. दोन वर्षांनी प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेतल्यामुळे भारताला 1950 च्या ब्राझील विश्वचषकात जागा मिळाली, पण संघ गेलाच नाही. बूट नव्हते म्हणून गेलो नाही, ही गोष्ट आजही आवडीने सांगितली जाते. प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलायची ब्राझीलची तयारी होती. संघटनेच्या पुढाऱ्यांना ऑलिंपिकपुढे विश्वचषकाचे मोल कळले नाही, हे खरे कारणांपैकी एक होते. दोष चालवणाऱ्यांचा होता, तो खेळाडूंच्या पायांवर ढकलला गेला.

अनवाणी पायांचे हे कौतुक आम्हाला मान्य नाही. या देशात काही जातींना गावातून जाताना पायातली वहाण हातात घ्यावी लागत होती. ज्यांच्यावर अनवाणीपण लादले गेले, त्यांना त्यात रोमांच दिसत नाही. 1952 साली हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने भारताला 10-1 ने धुतले, तेव्हा कुठे बूट सक्तीचे झाले. आणि कातड्याचे म्हणाल तर तेही आमच्याच वाट्याचे. फाळणीनंतर क्रीडासाहित्याचा धंदा सियालकोटहून जालंधरला आला. तिथल्या वस्त्यांमध्ये चेंडू शिवणारे हात मोठ्या प्रमाणात दलितांचे आहेत. चेंडू आम्ही शिवायचा आणि मैदान दुसऱ्याचे, ही वाटणी कुणी केली? जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच दाखवून दिले होते.

सायकलचे भाडे

तरीही भारतीय फुटबॉलला एक चांगला काळ होता. 1951 आणि 1962 साली आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळाले. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. 1 डिसेंबर 1956 ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा गोव्याचे, मुंबईत टाटांच्या संघातून खेळणारे. 7 डिसेंबरला, म्हणजे इकडे दादरला बाबासाहेबांना अखेरचा निरोप दिला जात होता त्याच दिवशी, भारत बल्गेरियाकडून हरला आणि कांस्यपदक हुकले. आशियातला कुठलाही संघ तोवर ऑलिंपिक फुटबॉलमध्ये इतका वर पोहोचला नव्हता.

हा संघ घडवला हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांनी. ते मूळचे शाळामास्तर. त्यांच्या हाताखाली घडलेले तुलसीदास बलराम सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडाच्या गरीब घरातले. सरावाला यायला पैसे नव्हते, तेव्हा रहीमसाहेबांनी भाड्याच्या सायकलचे पैसे दिले, असे बलराम स्वतः सांगत. आमच्या मते त्या काळाच्या यशाचे सार या सायकलच्या भाड्यात आहे. खेळ मुलात होता. मैदान आणि घर यांच्यातले अंतर कुणीतरी स्वतःच्या खिशातून भरून काढले. रहीम 1963 साली कॅन्सरने गेले. 1960 नंतर भारत ऑलिंपिक फुटबॉलमध्ये परत दिसलाच नाही. त्यांचे हे काम व्यवस्थेने हाती घ्यायला हवे होते. तिने ते कधीच घेतले नाही.

बाळू आणि कप्तानी

हे अंतर पैशाचेच असते असे नाही. महाराष्ट्राला त्याचा धडा क्रिकेटने आधीच दिला होता. पळवणकर बाळू पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यात खेळपट्टीची निगा राखता राखता गोलंदाज झाले. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. पण पुण्यात हिंदू संघातून खेळताना त्यांचा चहा वेगळ्या भांड्यात, मंडपाबाहेर यायचा. हिंदू संघाची कप्तानी त्यांना कधीच मिळाली नाही. ती त्यांचे भाऊ विठ्ठल यांना 1923 साली मिळाली, तीही भावांनी निषेध केल्यानंतर. पुढे 1937 च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसच्या बाजूने बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. राजकारणात आमचा त्यांच्याशी मतभेद असेल, पण मैदानावर त्यांच्यावर झालेला अन्याय त्यामुळे लहान होत नाही. बळी मोजताना त्यांची पात्रता चालायची, कप्तान निवडताना चालायची नाही.

"मग संघातही आरक्षण द्या!"

इथवर वाचल्यावर ठरलेला टोमणा येणारच. उत्तर सरळ आहे. अकरा जणांच्या संघात आम्ही राखीव जागा मागत नाही. आम्ही मैदान मागतो.

आरक्षणाचाच विषय काढलात तर शहराचा विकास आराखडा उघडून बघा. त्यातही आरक्षण असते. अमुक भूखंड शाळेसाठी, अमुक बागेसाठी, अमुक खेळाच्या मैदानासाठी. ही आरक्षणे उठतात, बदलतात, त्यांवर इमारती उभ्या राहतात. तेव्हा गुणवत्तेचे कैवारी मोर्चा काढताना आम्ही पाहिले नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान हवे असे लिहिले आहे. वस्तीतल्या किती शाळांना ते आहे? एकीकडे फी भरून शिकवणाऱ्या अकादम्या वाढतात. मजुराच्या पोराला तिथे प्रवेश नाही, आणि पुढे त्याच मुलाच्या नावाने 'टॅलेंट नाही' असा निकाल दिला जातो.

सगळे खापर जातीवर फोडा, असेही आमचे म्हणणे नाही. ऑगस्ट 2022 मध्ये फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केले. महासंघाच्या घटनेचा वाद वर्षानुवर्षे सर्वोच्च न्यायालयात चालला. 2025 मध्ये इंडियन सुपर लीग कराराच्या वादात अडकून वेळेवर सुरूच झाली नाही. हा कारभाराचा नालायकपणा आहेच. पण कारभार इतकी वर्षे असा चालू शकतो, कारण ज्यांची पोरे हा खेळ खेळतात, त्यांचा आवाज निर्णयाच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही.

आणि मुलींकडे बघा. 5 जुलै 2025 ला चियांग माईत भारताच्या महिला संघाने थायलंडला 2-1 ने हरवून 2026 च्या आशिया चषकात जागा मिळवली. पात्रता फेरी जिंकून ही जागा मिळवण्याची महिला संघाची ही पहिलीच वेळ. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. या संघात मणिपूर, झारखंड, ओडिशा, बंगालच्या गावखेड्यांतल्या मुली आहेत. 2022 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताची कर्णधार होती झारखंडची अष्टम उरांव. तिच्या गावात तिच्या सन्मानार्थ रस्ता बांधला जात होता आणि तिचे आईवडील त्याच रस्त्यावर मजुरी करत होते. देश अशा घरांच्या जिवावर पात्र ठरतो, आणि त्या घरांना काय देतो, ते या रस्त्यावर दिसते.

काळारामाचा धडा

2 मार्च 1930 ला आपल्याच नाशिकमध्ये हजारो माणसे काळाराम मंदिराच्या बंद दारासमोर उभी राहिली. दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे यांनी वर्षानुवर्षे तो लढा चालवला. मार्च 1934 मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून आपली भूमिका स्पष्ट केली. हा लढा मूर्तिपूजेसाठी नव्हता, समाजाला आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून होता. आता ती शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी येवल्याची घोषणा झाली. बंद दारापुढे आयुष्यभर उभे राहायचे नाही, हे आपल्या जिल्ह्याच्या मातीत शिकलेले सत्य आहे.

फुटबॉललाही ते लागू आहे. दिल्लीचा महासंघ सुधारेल याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. नागपुरात विजय बारसे सरांनी 2001 पासून झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल उभे केले. 'झुंड' त्यावरच आला. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींनी हा खेळ पेठापेठांत रुजवला. नाशिक जिल्ह्यात जवळपास चौथा हिस्सा लोक आदिवासी आहेत. हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत इथूनच धावत 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदकापर्यंत गेली. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ दुष्काळी गावातून निघाला आणि 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये नौका वल्हवून आला. पायांत आणि फुप्फुसांत दम आहे, याचा आणखी कुठला पुरावा हवा?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. प्रत्येक आश्रमशाळेत सपाट मैदान, पुरेसे चेंडू आणि पगारी प्रशिक्षक द्या. महापालिकेने मैदानांसाठी आरक्षित भूखंडांची प्रभागवार यादी जाहीर करावी, कुठला मोकळा आहे आणि कुठला गिळला गेला ते सांगावे. नाही सांगितले तर माहिती अधिकाराचा अर्ज आपणच टाकू. आणि जयंतीच्या वर्गणीतून डीजेसोबत वस्तीतल्या पोरापोरींसाठी चार चेंडू आणि बुटांचे जोड घ्यायला काय हरकत आहे? हा प्रश्न आम्ही आपल्याच मंडळांना विचारतो आहोत.

भारत पुढच्या वेळी पात्र ठरेल की नाही, हे आम्हाला ठाऊक नाही. पण पुढची पात्रता फेरी सुरू झाली आहे आणि ती सावरपाड्यात, भीमवाडीत, मालेगावच्या यंत्रमागाच्या गल्लीत खेळली जाते आहे. तिथे मैदानच नसेल, तर देशाचा सामना सुरू होण्याआधीच हरलेला आहे.

जय भीम!