सेन्सॉरच्या काळांतील वृत्तपत्रें व १९७७ ची निवडणूक

जुन्या कागदांच्या संग्राहकास फाटका कागद सहसा फसवीत नाहीं. कसरीनें खाल्लेली ओळ डोळ्यांस दिसते. फसवितो तो बाहेरून अखंड दिसणारा कागद. जून १९७५ ते जानेवारी १९७७ या काळांतील वृत्तपत्रांच्या फायली या दुसऱ्या जातीच्या होत. मार्च १९७७ च्या लोकसभा-निवडणुकीच्या अभ्यासकानें हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे.

ता. २५ जून १९७५ च्या रात्रीं अंतर्गत आणीबाणी पुकारली गेली व दिल्लींतील बहादुरशाह जफर मार्गावरील छापखान्यांची वीज तोडण्यांत आली. ता. २७ च्या राष्ट्रपतींच्या हुकुमानें घटनेच्या १४, २१ व २२ या कलमांसाठीं न्यायालयांत जाण्याचा मार्ग बंद झाला. ता. २८ रोजीं ‘इंडियन एक्सप्रेस’नें दिल्लींत अग्रलेखाची जागा कोरी सोडली. त्या अंकांतील सर्वांत बोलकें साधन ती कोरी जागाच होय. पुढें अशी जागा सोडण्यासहि मनाई झाली व गाळलेल्या मजकुराची खूणहि उरली नाहीं. वाद न्यायालयांत गेला तेथेंच ती सांपडते. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकाच्या प्रकरणीं मुंबई उच्च न्यायालयानें फेब्रुवारी १९७६ मध्यें सेन्सॉरविरुद्ध दिलेला निकाल म्हणूनच मोलाचा. काय नाकारलें गेलें हें त्यावरून कळतें.

लोकसभेची मुदत दोनदां वाढविल्यावर ता. १८ जानेवारी १९७७ रोजीं निवडणूक जाहीर झाली आणि वृत्तपत्रांवरील बंधनें सैल झालीं. मतदान ता. १६ मार्चपासून होतें. सुमारें एकोणीस महिन्यांचा न छापलेला वृत्तान्त मतदारानें आठ आठवड्यांत जाणून घ्यावयाचा होता. आणि तोहि आणीबाणी कायम असतां, कारण ती उठली ता. २१ मार्च रोजीं. उत्तर प्रदेशांतील ८५ व बिहारांतील ५४ जागांपैकीं काँग्रेसला एकहि मिळाली नाहीं. महाराष्ट्रांत ४८ पैकीं २० मिळाल्या.

केवळ १९७६ च्या छापील अंकांवर विसंबणारास हा निकाल अगम्यच वाटेल. उत्तरेंतील सक्तीची नसबंदी, विनाचौकशी अटका हें मतदारास ठाऊक होतें. परंतु तें स्वानुभवानें, कर्णोपकर्णीं व गुप्तपणें वांटलेल्या पत्रकांवरून. ज्या साधनानें मतदार शहाणा झाला तें साधन दप्तरांत नाहीं, आणि जें दप्तरांत आहे त्यानें तो शहाणा झाला नाहीं.

यास्तव संग्राहकांस विनंति कीं, त्या काळचीं चक्रमुद्रित पत्रकें, प्रचारसभांचीं हस्तपत्रकें व येरवडा-नाशिकच्या तुरुंगांतून घरीं आलेलीं पत्रें रद्दींत जाऊं देऊं नयेत. कागद कोठें, कोणत्या तारखेस व कोणाकडून मिळाला याची नोंद पाठीमागें अवश्य करावी. तो कागद हलका आहे व शाई उडत चालली आहे. मत देण्याचा हक्क कायद्यानें शिल्लक राहिला, तरी जाणून मत देण्याचा हक्क कसा टिकला याचा पुरावा याच चिठोऱ्यांत आहे.