हौसेची बिनतारी

हौसेला मोल नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती म्हणणारा माणूस बहुधा नुकताच खर्च करून आलेला असतो आणि ती ऐकून गप्प बसणारी मंडळी घरातलीच असतात. कुणाला जुन्या नाण्यांची हौस असते, कुणाला गुलाबांची, कुणाला घड्याळांची. मला बिनतारीची आहे. ह्या हौसेपायी घरातला एक कोपरा अडतो आणि रात्री जागरणे होतात. ह्यापलीकडे तिने कुणाचे काही बिघडवलेले नाही. परंतु तिचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की हिला मोल नाही असे मुळीच नव्हे. आपल्या देशात, आणि तेही आपल्या मुंबईत, हिचे मोल काही माणसांनी तुरुंगात जाऊन चुकते केले आहे. ती हकीकत फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवावी, असे मनात आले.

प्रथम हौशी बिनतारी म्हणजे काय ते सांगतो. आकाशवाणी बोलते आणि आपण ऐकतो, ही झाली नभोवाणी. तिच्या नुसत्या ऐकण्यासाठीसुद्धा पूर्वी पोस्टात पैसे भरून परवाना घ्यावा लागे, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. हौशी बिनतारीवाल्याजवळ मात्र ऐकण्याबरोबर बोलण्याचेही यंत्र असते. साऱ्या जगात त्याला ‘हॅम’ म्हणतात. त्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते. थोडे विजेचे ज्ञान, नियमांची माहिती आणि वरच्या वर्गासाठी मोर्सच्या लिपीतले कट्टकडकट्ट एवढे आले की झाले. बारा वर्षांच्या मुलालाही ह्या परीक्षेला बसता येते. उत्तीर्ण झालेल्याला एक संकेतनाम मिळते. भारतातली ही नावे बहुधा ‘व्हीयू’ ह्या अक्षरांनी सुरू होतात. नियम मात्र कडक आहेत. परवानेदाराने परवानेदाराशीच बोलायचे. व्यापाराचे बोलायचे नाही, गाणी लावायची नाहीत, आणि सर्व लोकांसाठी म्हणून बातम्या तर मुळीच द्यायच्या नाहीत. हा शेवटचा नियम वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

घरी हा संसार मांडायला फार काही लागत नाही. माझ्या टेबलावर बोलण्या-ऐकण्याचे एक यंत्र आहे, त्याला वीज पुरवणारी एक पेटी आहे आणि मोर्स वाजवण्याची एक कळ आहे. खरी करामत असते ती गच्चीवर. तेथे सुमारे वीस मीटर लांबीची तांब्याची तार दोन सारख्या भागांत ताणून बांधली आहे आणि मधोमध जोडलेली केबल खिडकीतून घरात आली आहे. ती तार कसली, हे इमारतीत सर्वांना समजण्यापूर्वी तिच्यावर एकदा कुणाचा तरी टॉवेल वाळत पडला होता! तार वीसच मीटर का, तर मी ज्या लहरींवर बोलतो त्यांची लांबी चाळीस मीटरच्या आसपास असते, आणि लहरीच्या निम्म्या लांबीची तार ती लहर उत्तम धरते आणि फेकते.

ह्या चाळीस मीटरच्या पट्ट्याची मोठी मौज असते. सूर्य डोक्यावर असला की वातावरणाच्या वरच्या भागातला एक थर ह्या लहरी बऱ्याचशा शोषून घेतो. त्यामुळे दिवसा काही शे किलोमीटरच्या टापूतली मंडळी भेटतात. कुणी पुण्याचा, कुणी नागपूरचा, कुणी हैदराबादचा. सूर्य मावळला की तो थर विरतो. मग त्याच्याही वर, दोनशे किलोमीटरच्या पलीकडे असलेला दुसरा थर आरशासारखा काम करतो. आपला आवाज त्याच्यावर आपटून पुन्हा पृथ्वीवर उतरतो, तो हजारो किलोमीटर दूर. खरखरीतून एखादे परके संकेतनाम हळूहळू स्पष्ट होत येते आणि क्षणभर श्वास रोखला जातो. बोलणे तसे साधेच होते. नाव, गाव, हवा, यंत्राची चौकशी. निरोप घेताना ‘७३’ म्हणायचे. तारायंत्राच्या काळापासून चालत आलेला हा आमचा नमस्कार आहे. पुढे त्या गृहस्थाचे संकेतनाम छापलेले पोस्टकार्ड येते. अशी कार्डे मी जपून ठेवली आहेत.

ही जागा हौशी लोकांना मिळाली कशी, हीसुद्धा एक गंमतच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तज्ज्ञांची अशी समजूत होती की लांब पल्ल्याला लांब लहरीच हव्यात. आखूड लहरी म्हणजे टाकाऊ माल. १९१२ साली अमेरिकेने कायदा केला, त्यात हौशी पोरांची कटकट नको म्हणून त्यांना दोनशे मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर हाकलून दिले. गावकुसाबाहेरची पडीक जमीन द्यावी, तशातला हा प्रकार. पण कसणारा हौशी असला की पडीक जमीनही पिकते. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली नावाच्या अमेरिकन हौशी गृहस्थाने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आर्ड्रोसन येथे तंबू ठोकला आणि अटलांटिकच्या पलीकडून आपल्या हौशी बांधवांनी पाठवलेले संकेत ऐकले. नोव्हेंबर १९२३ मध्ये अमेरिकेचा फ्रेड श्नेल आणि फ्रान्सचा लेओन देलॉय ह्यांनी शंभर मीटरच्या आसपासच्या लहरींवर समुद्रापार दुतर्फा संभाषण केले. ते पाहून मोठमोठ्या कंपन्या आणि सरकारे ह्या टाकाऊ लहरींच्या मागे धावत सुटली.

आपल्याकडेही हे वारे लवकरच पोहोचले. १९२१ साली अमरेंद्रचंद्र गुप्तू ह्यांना पहिला हौशी परवाना मिळाला आणि त्यांच्यामागून मुकुल बोस ह्यांना. १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबाने कार्यक्रम प्रक्षेपित करण्यास प्रारंभ केला. मुंबईचे रीतसर नभोवाणी केंद्र सुरू झाले ते २३ जुलै १९२७ रोजी, म्हणजे चार वर्षांनंतर. रस्ता हौशी मंडळींनी पाडला आणि गाडी मागून आली.

मग १९३९ साल उजाडले. युद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने हौशी परवाने रद्द केले आणि प्रक्षेपणाची यंत्रे पोलिसांत जमा करण्याचे हुकूम काढले. यंत्रे गेली, विद्या मात्र माणसांच्या हातांत राहिली. ती कोणत्या पोलीस चौकीत जमा करून घेणार?

८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्याच्या सुमारास पुढारी पकडले गेले. वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप लागले. देशात काय चालले आहे, हे देशालाच कळेना. अशा वेळी बावीस वर्षांची एक विद्यार्थिनी, उषा मेहता, आणि तिचे सहकारी विठ्ठलदास खाकर तथा बाबूभाई, विठ्ठलदास झवेरी व चंद्रकांत झवेरी ह्यांनी ठरवले की आपली स्वतःची नभोवाणी काढायची. काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवणाऱ्या ‘शिकागो रेडिओ’चे नानक मोटवाणी साहाय्याला आले. राममनोहर लोहिया पाठीशी होते. पण यंत्र जुळवायचे कुणी? त्यासाठी हौशी बिनतारीवालाच लागणार होता. तो नरिमन प्रिंटर ह्यांच्या रूपाने सापडला. युद्धामुळे परवाना गमावलेला हा जाणता मनुष्य होता.

१९४२ चा ऑगस्ट संपता संपता ‘काँग्रेस रेडिओ’ बोलू लागला. आपण भारतातल्या कुठल्याशा ठिकाणाहून ४२.३४ मीटरवर बोलत आहोत, असे तो सांगे. हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा थबकलो. ४२.३४ मीटर म्हणजे ७.०८ मेगाहर्ट्झच्या आसपास. म्हणजे आमचाच चाळीस मीटरचा पट्टा! ज्या लहरींवर मी आज नागपूरच्या मित्राला हवापाणी विचारतो, त्याच पट्ट्यात त्या वर्षी चिमूर-आष्टीच्या अत्याचारांची बातमी देशाने ऐकली. चितगाववरचे बॉम्बहल्ले, जमशेदपूरचा संप, असे वृत्तपत्रांना छापता न येणारे सारे तेथे ऐकू येई.

एकाच जागी राहणे शक्य नव्हते. लहरींचा माग काढणाऱ्या पोलिसांच्या गाड्या शहरात फिरत असत. म्हणून बिऱ्हाड सतत हलवावे लागे. चौपाटीवरची ‘सी व्ह्यू’ इमारत, लॅबर्नम रस्त्यावरचा ‘अजित व्हिला’, सँडहर्स्ट रस्त्यावरचे ‘लक्ष्मी भुवन’, गिरगावातली पारेखवाडी. भरवस्तीतल्या, कुटुंबांनी गजबजलेल्या ह्या जागा. घरी बिनतारी मांडणाऱ्याला ह्याचा अर्थ चटकन समजतो. जड यंत्र जिन्यावरून चढवायचे, तार कुणाला दिसणार नाही अशी बांधायची, शेजाऱ्यांनी विचारले तर काय सांगायचे ते ठरवून ठेवायचे, आणि सारे पुन्हा जुळवून नेमक्या वेळी बोलायला बसायचे. निवांतपणी मला गच्चीवरची तार नीट बांधायला एक सबंध रविवार लागतो!

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी हे संपले. पोलिसांनी प्रिंटरला पकडले होते आणि तो फुटला. ठिकाण त्यानेच दाखवले. बाबूभाईंकडे धाड पडल्याचे उषाताईंना त्या संध्याकाळी कळले होते. पळून जायला अवधी होता. त्या गेल्या नाहीत. पारेखवाडीत जाऊन चंद्रकांत झवेरींसह त्यांनी त्या दिवसाचा कार्यक्रम लावला. पोलीस दारे फोडून आत शिरले तेव्हा ‘वंदे मातरम्’ चालू होते. ते बंद करण्याचा हुकूम झाला. त्यांनी मानला नाही. पुढे खटला चालला. बाबूभाईंना पाच वर्षे, उषाताईंना चार वर्षे आणि चंद्रकांत झवेरींना एक वर्ष शिक्षा झाली. मोटवाणी आणि विठ्ठलदास झवेरी सुटले. उषाताई १९४६ मध्ये येरवड्याहून बाहेर आल्या. नंतर त्यांनी मुंबईत राज्यशास्त्र शिकवले आणि ज्या लॅबर्नम रस्त्यावर एके काळी त्यांचा रेडिओ लपत होता, त्याच रस्त्यावरच्या मणिभवनाचे काम पाहिले. ११ ऑगस्ट २००० रोजी त्या गेल्या. आयुष्यातला सर्वांत चांगला काळ काँग्रेस रेडिओचा, आणि सर्वांत दुःखाचा क्षणही तेथलाच, कारण आपल्याच माणसाने दगा दिला, असे त्या सांगत.

ह्या ठिकाणी माझ्यासारख्या हौशी माणसाचे मन अडखळते. ज्या हातांनी यंत्र जुळवले, त्याच हातांनी ते दाखवून दिले. प्रिंटरला शिव्या देऊन मोकळे होणे सोपे आहे. कोठडीत त्याच्यावर काय प्रसंग आला असेल, ह्याची कल्पना घरी आरामखुर्चीत बसून करता येत नाही. पण एक गोष्ट मला स्वच्छ दिसते. विद्या ही एक वस्तू आणि निष्ठा ही दुसरी. प्रिंटरला बिनतारीचे सारे ज्ञान होते. उषाताईंना कॉइल आणि कंडेन्सर ह्यांतले फारसे कळत नसावे. तरी त्या रात्री यंत्राशी कोण बसून राहिले? परवाना, परीक्षा, संकेतनाम ह्यांनी माणूस बिनतारी चालवायला लायक ठरतो. तो कशासाठी चालवील, हे त्यांनी ठरत नाही.

बातम्या न देण्याचा जो नियम मी वर सांगितला, तो मी निमूट पाळतो आणि पाळला पाहिजे असेच म्हणतो. आज आपले राज्य आहे, वृत्तपत्रांना वाचा आहे. परंतु नियम पाळणे निराळे आणि विद्या विसरणे निराळे. १९४८ मध्ये महू येथे हौशी बिनतारीवाल्यांचा क्लब स्थापन झाला आणि १९५४ मध्ये त्याला ‘अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया’ हे नाव मिळाले. त्या काळी तयार यंत्रे विकत घेणे कुणाला परवडणार? युद्धातले मोडीत निघालेले सेट आणून, त्यांचे वाल्व काढून, मंडळींनी घरोघरी यंत्रे बांधली. चालू बिनतारीला हात लावला तर झटका बसे आणि घरातून बोलणी बसत. पण विद्या टिकली.

ती किती कामाची, हे २००४ च्या डिसेंबरात दिसले. भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी केवळ हौसेखातर अंदमानातून बोलायला पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि बेटांवरचे टेलिफोन मुके झाले. तेव्हा ह्याच मंडळींची यंत्रे निरोप घेऊ-देऊ लागली. कोण सुखरूप आहे, कुणाला काय हवे आहे, हे मुख्य भूमीवरच्या आप्तांना त्यांच्याकडून कळले. एक बॅटरी, एक तार आणि ती वापरणारे माणूस एवढ्यावर काम भागले. मधे ना कुठला मनोरा, ना कुठली कंपनी.

आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, मग ह्या खटाटोपाची काय गरज, असे मला पुष्कळदा विचारतात. मी वाद घालत नाही. फोन दुसऱ्याने उभारलेल्या वाटेवरून चालतो. बिनतारीवाल्याला वाट स्वतः शोधावी लागते, आणि ती शोधता येणारी चार माणसे प्रत्येक गावात असावीत, एवढेच मी म्हणतो. दिवाळीच्या सुट्टीत मुले अंगणात किल्ला बांधतात, तेव्हा चिखलाबद्दल आपण त्यांना रागावत नाही. तशीच एखादी पोर गच्चीवर तार ओढू लागली, तर तिला रागावू नये. विजेच्या वाहत्या तारांपासून तेवढी लांब राहा म्हणावे, आणि दोरीचे दुसरे टोक आपण धरावे.