सरवा

पीक काढून नेल्यावर रानात जे मागं राहतं त्याला आमच्याकडं सरवा म्हणतात. बाजरीची चुकलेली कणसं, गव्हाच्या लोंब्या, भुईमूग उपटल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा. मालकाची रास घरी गेली की बाया-पोरी पदराचा ओटा करून रानात शिरायच्या आणि वाकून वाकून दिवस घालवायच्या. संध्याकाळी पायलीभर निघालं तरी तो दिवस चांगला. याचा काही लेखी कायदा नव्हता. पण गावात चांगला मालक कोण नि चिंधी मनाचा कोण, हे सरव्याच्या दिवसांत बरोबर कळायचं.

नगर जिल्ह्यातल्या आमच्या ख्रिस्ती वस्तीला हा शब्द दोन ठिकाणी भेटायचा. एक रानात, दुसरा शास्त्रात. बायबलला आमच्यात शास्त्रच म्हणतात. मराठी शास्त्रात रूथची गोष्ट आहे. ती विधवा परमुलखात बवाजाच्या शेतात जे वेचते, तो सरवाच. लहानपणी मला वाटायचं, रूथ आपल्याच तालुक्यातली असणार.

गावात भांडण झालं की आम्हांला एक टोमणा ठरलेला असायचा, "पोटासाठी बाटले." आमच्या वडीलधाऱ्यांनी त्याला सहसा उत्तर दिलं नाही. मला द्यावंसं वाटतं. पण आधी त्यात जे खरं आहे ते कबूल करून.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 साली मुंबईत आले आणि 1831 पासून नगरला राहू लागले. त्यांनी शाळा काढल्या, 1842 मध्ये 'ज्ञानोदय' सुरू केलं, गावोगाव फिरून प्रवचनं केली. तरी सुरुवातीची कित्येक वर्षं ख्रिस्ती झालेली माणसं थोडीच होती. मग 1876 ते 1878 चा मोठा दुष्काळ पडला. सरकारी दुष्काळी कामावर सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी उतरवून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा अशी केली. एक पौंड म्हणजे अर्धा किलोही नाही. दिवसभर माती वाहणाऱ्या गड्यानं त्यावर जगायचं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं याविरुद्ध आवाज उठवला. पुढं 1896-97 चा दुष्काळ, त्यातच प्लेग, आणि लगेच 1899-1900 चा दुष्काळ, ज्याला जुनी माणसं संवतावरून छप्पनचा दुष्काळ म्हणायची. या वर्षांत मिशनच्या लोकांनी अन्न दिलं, अनाथ पोरं सांभाळली, आणि त्यानंतर खेड्यांतल्या मंडळ्या वाढल्या. त्यात बहुतेक महार-मांगांच्या वस्त्यांतली माणसं होती. हे लपवण्यात काही अर्थ नाही. मरणाऱ्याला ज्यानं घास दिला, त्याच्या दाराशी माणूस जाणारच.

पण दुष्काळ दोन वर्षांनी सरतो, धान्य वाटणारा हात थांबतो. त्यानंतर माणसं का थांबली, हा खरा प्रश्न. स्वातंत्र्यानंतर तर 1950 च्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना मिळेनाशा झाल्या. पोटाचाच हिशोब असता तर तेव्हा सगळी वस्ती माघारी फिरली असती. काही फिरलीही. पुष्कळ राहिली. या राहिलेल्यांच्या घरात फळीवर कापडात गुंडाळलेलं एक पुस्तक होतं, आणि ते वाचता येणारं निदान एक माणूस होतं. ज्यांच्या बापजाद्यांना कुठल्याही धर्माचा ग्रंथ हातात घेता आला नव्हता, त्यांच्या घरातली ही गोष्ट आहे.

भुकेचा आणि या पुस्तकाचा संबंध मराठी मुलखात सगळ्यात जवळून कुणी पाहिला असेल तर पंडिता रमाबाईंनी. त्या काही आमच्यासारख्या वस्तीतल्या नव्हत्या. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही मुलगी संस्कृतात वाढली. तरी 1870 च्या दशकातल्या दुष्काळानं तिचे आईवडील आणि बहीण नेली. ती नि भाऊ श्रीनिवास तेवढे मागं राहिले. भूक म्हणजे काय हे रमाबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. पुढं त्या ख्रिस्ती झाल्या, आणि 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली-बाया घेऊन पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आल्या. छप्पनच्या दुष्काळात गुजरातेतूनही आणल्या. तिथल्या मुक्तिसदनात एका वेळी जवळजवळ दोन हजार जणी राहत होत्या.

रमाबाईंनी आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं एकाच कामाला दिली. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळं बायबल मराठीत आणलं. पंडितांसाठी नव्हे, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. ते छापलं मुक्तिसदनाच्याच छापखान्यात. दुष्काळातून वाचलेल्या मुली खिळे जुळवायला शिकल्या आणि त्यांच्या हातांनी हे पुस्तक उभं राहिलं. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी रमाबाईंनी काम सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या वारल्या तेव्हा अनुवाद पुरा झाला होता. संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. या मुलींना त्या पुस्तकानं काय दिलं असेल, याचा अंदाज मला माझ्या आजीवरून येतो.

आजीची आई छप्पनच्या दुष्काळातून वाचलेली. आजी मिशनच्या शाळेत तीन-चार इयत्ता शिकली होती. ओळीवर बोट ठेवून, अडखळत, पण मोठ्यानं वाचायची. 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. विहिरीचा तळ दिसत होता, बैल मातीमोल गेले होते, आणि वस्तीतली झाडून सगळी माणसं दुष्काळी कामावर होती. वडील खडी फोडायचे, आई पाझर तलावाच्या मातीवर जायची. राज्यात 1973 च्या मे महिन्यात जवळपास पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती. संध्याकाळी सगळ्यांचे हात फुटलेले असायचे. जेवण म्हणजे लाल मिलोची भाकरी, ती थापतानाच तुटायची. पोरांना सुकडी.

मिलो अमेरिकेतून आला होता. कामावर एकानं आजीला डिवचलं, "मावशे, तुमचं बरं हाय. तुमच्या मिशनच्या मुलखातनं मिलो आलाय."

आजी म्हणाली, "व्हय बाबा. आन खातंय कोन? तू बी खातोस, मी बी खाती. मंग तू कुठं बाटलास?"

तो हसला, बाकीचेही हसले. मला ते वाक्य तेव्हा नुसतं हजरजबाबी वाटलं होतं. आता वाटतं, टोमण्याचं पुरं उत्तर त्यातच आहे. त्या वर्षी गावोगाव, सगळ्या जातींनी अमेरिकेचं धान्य खाल्लं. त्या धान्यानं कुणी ख्रिस्ती झालं नाही. धान्यानं माणूस जगतो. त्याचा धर्म बदलायचा नि टिकायचा तर आणखी काहीतरी लागतं.

ते आणखी काहीतरी रोज रात्री कंदिलाशी व्हायचं. दोन-चार घरची माणसं ओट्यावर जमायची नि आजी वाचायची. ती काय निवडायची हे आता आठवलं की नवल वाटतं. स्वर्गाची वर्णनं नाहीत, चमत्कारांच्या मोठ्या गोष्टी नाहीत. ती दुष्काळ शोधून काढायची, आणि शास्त्रात दुष्काळ पानोपानी सापडतो. अब्राहाम दुष्काळामुळं मिसरात जातो. याकोब पोरांना धान्य आणायला तिकडंच धाडतो. एलीया संदेष्टा ज्या ओढ्यावर पाणी पितो तो ओढाच आटतो. आजी तिथं थांबायची. "बघा, देवाच्या मानसाचा बी वढा आटला." हे ऐकून ओट्यावरच्या माणसांना धीर यायचा. आपल्या पापानं पाऊस गेला, आपणच काही चुकलो, हे जे ओझं दुष्काळात गरिबाच्या डोक्यावर बसतं, ते त्या एका वाक्यानं खाली उतरायचं.

पुढं सारफथच्या विधवेची गोष्ट. मडक्यात मूठभर पीठ, बुधलीत थोडं तेल. ती दोन काटक्या वेचते आहे. शेवटची भाकर करून मुलाबरोबर खायची नि मग मरायचं. एलीया तिलाच आधी माझ्यासाठी भाकर कर म्हणतो. आईला ही गोष्ट आवडायची नाही. "उपाशी बाईकडं मागायला त्याला लाज न्हाई वाटली?" ती विचारायची. यावर ओट्यावर वाद व्हायचा. पीठ संपलं नाही, हे सगळ्यांना माहीत होतं, तरी वाद व्हायचा. शास्त्राशी असं भांडता येतं हे मी तिथं शिकलो. स्तोत्रांतही देवाला जाब विचारणारी पुष्कळ स्तोत्रं आहेत. आजी तीच ठणकावून वाचायची.

सगळ्यात जास्त वेळा रूथ. गोष्टीची सुरुवातच दुष्काळानं होते. बेथलेहेम या नावाचा अर्थ भाकरीचं घर, आणि नेमका तिथं दुष्काळ पडतो. नामी नवऱ्याबरोबर, दोन मुलांना घेऊन मवाबात जाते. नवरा जातो, मुलंही जातात. गावाकडं पुन्हा पिकलं असं कानावर येतं तेव्हा ती परत निघते. सून रूथ तिला सोडत नाही. गावच्या बायांना नामी सांगते, मला जुन्या नावानं हाक मारू नका, आता मी कडू झालेय. वस्तीतून साखर कारखान्यावर ऊस तोडायला गेलेली, मुंबईला गेलेली कितीतरी घरं अशीच परत आली होती. आम्हांला या गोष्टीचा अर्थ लावावा लागत नव्हता.

रूथ मात्र दुसऱ्या दिवशी सरवा वेचायला जाते. तिला तो वेचता येतो, कारण मोशेच्या नियमशास्त्रातच सांगितलं आहे की शेताच्या कडा पुऱ्या कापू नयेत, पडलेलं उचलू नये. ते गरिबाचं नि परक्याचं. मालकानं हातानं वाटायचं नाही, गरिबानं स्वतः जाऊन वेचायचं. म्हणजे ती भीक नाही, हक्क आहे. आमच्या गावात जे मालकाच्या मर्जीवर होतं ते या पुस्तकात नियम म्हणून लिहिलेलं होतं. महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी आली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. तेव्हा वडील म्हणाले, "आता खडी फोडनं बी सरव्यासारखं झालं. कुनाच्या पाया पडायचं काम न्हाई."

शास्त्रानं पाऊस येईल असं आम्हांला कधी सांगितलं नाही. पाऊस 1973 च्या पावसाळ्यात आला तो सगळ्यांवर सारखाच आला. त्या दोन वर्षांत या पुस्तकानं दिलं ते एवढंच, की उपाशी, विधवा, परमुलखातल्या माणसांची गोष्ट कुणीतरी लिहून ठेवण्याजोगी मानली होती. रूथच्या वंशात पुढं दावीद राजा झाला, आणि ख्रिस्ताची वंशावळ सांगताना मत्तयानं या सरवा वेचणाऱ्या बाईचं नाव वगळलेलं नाही. ज्यांचं नाव गावच्या कुठल्याच कागदावर मानानं लिहिलं जात नव्हतं, त्यांना यात आशा दिसली तर त्याला पोटाचा व्यवहार कसं म्हणायचं?

आता आमच्या शिवारात गहू हार्वेस्टरनं निघतो. त्याच्यामागंही लोंब्या राहतात, पण वेचायला सहसा कुणी जात नाही. पोरांना सरवा हा शब्द रानातून माहीत नाही. रविवारी देवळात रूथ वाचली की ती मला विचारतात, सरवा म्हणजे काय? मी आधी रान सांगतो, मग ओटा, मिलो नि खडी सांगतो, आणि मग त्यांना पुढचं वाचायला लावतो.