आकाशाशी इमान राखणारे गणेश दैवज्ञ

घुग्घुसच्या खाण वसाहतींत घरोघरी भिंतीवर दिनदर्शिका असते. तिच्यात आम्ही ईस्टरचा रविवार पाहतो, तशीच शेजाऱ्यांच्या गणेश चतुर्थीची तिथीही. तिथी व ग्रह गणिताने काढण्याची सुलभ रीत ज्यांनी महाराष्ट्राला दिली, त्या गणेश दैवज्ञांचे नाव मात्र आम्हांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

गणेश दैवज्ञ कोकणातील नांदगावचे. हे गाव आजच्या रायगड जिल्ह्यात, मुरूडनजीक समुद्रकाठी आहे. १५२० साली त्यांनी 'ग्रहलाघव' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याच काळात दूर पोलंडमध्ये फ्रॉमबोर्कच्या कॅथेड्रलचे कॅनन निकोलस कोपर्निकस ग्रहगतींचा विचार करीत होते. कोपर्निकसांनी सूर्य मध्यभागी मानला. गणेशांनी पृथ्वी स्थिर मानण्याची परंपरा सोडली नाही. परंतु पूर्वाचार्यांचा आदर राखूनही त्यांचे वचन तपासून पाहण्याचे धैर्य दोघांच्याही ठायी होते.

गणेशांना हा वारसा पित्याकडून लाभला. केशव दैवज्ञ स्वतः वेध घेत आणि पुढील ज्योतिष्यांनीही वेध घेऊन गणित सुधारीत जावे, असे सांगत. पुत्राने तेच केले. कोणत्याही एका पक्षाला तो चिकटून राहिला नाही. सूर्य त्याने सूर्यसिद्धान्ताप्रमाणे घेतला, गुरू व मंगळ आर्यपक्षाप्रमाणे. शनीच्या आर्यपक्षीय गणितात तर पाच अंश मिळविले. शिवाय ज्या-चापांची किचकट आकडेमोड टाळली आणि सुमारे अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे चक्र योजून मोठमोठ्या संख्या आटोक्यात आणल्या. त्यामुळे गावोगावच्या जोशांना पंचांग करणे सोपे झाले.

मात्र पुढे विपरीत घडले. सुधारणेतून जन्मलेला ग्रंथच अढळ प्रमाण ठरला. शतके लोटली, गणित व आकाश यांत अंतर पडत गेले. अखेर १८६० साली केरो लक्ष्मण छत्रे यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली, तेव्हा सुधारणेची वाट पुन्हा मोकळी झाली.

आम्ही ख्रिस्ती जनांनी यावरून इतरांना बोल लावण्याचे कारण नाही. कोपर्निकसांनी आपला ग्रंथ १५४३ साली पोप तिसरे पॉल यांना अर्पण केला होता. तरी १६१६ साली रोमने तो दुरुस्त होईपर्यंत स्थगित ठेवला. गुरूचे शब्द जपणे सोपे असते. गुरूची सत्यनिष्ठा जपणे कठीण. आमच्या मुलांच्या हाती पुस्तके देताना, त्यांतील वचन पडताळून पाहण्याची मोकळीकही आम्ही देतो काय?