पालथा उपजलेला राजपुत्र

श्रोतेहो, वेल्हे तालुक्याला राजगडाचे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मान्यता दिली. त्या गडावरची एक हकीकत आज सांगायची आहे. लढाईची नव्हे बरे का!

२४ फेब्रुवारी १६७० रोजी राजगडावर सोयराबाईंच्या पोटी राजाराम महाराज जन्मले. मूल पालथे उपजले. हा अपशकुन, अशी त्या काळची समजूत. पण सभासद बखर सांगते की, हा मुलगा दिल्लीची पातशाही पालथी घालील, असे म्हणून शिवाजी महाराजांनी त्या खुणेचा अर्थच फिरवला. बखरीतले बोल अक्षरशः घेऊ नयेत, हे खरे. तरी ही बखर सभासदाने जिंजीस लिहिली, आणि तीही खुद्द राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. ज्याच्या जन्माला लोकांनी नाक मुरडले असते, त्याच्याच दरबारात ही गोष्ट उजळ माथ्याने लिहिली गेली. बापाच्या एका शब्दाने केवढे काम केले पाहा!

याच्या उलटही घडते. भोरहून नीरा ओलांडली की सातारा जिल्हा. तिकडे मुलाची वाट पाहताना मुलीच होत गेल्या, की शेवटचीला ‘नकोशी’ किंवा ‘नकुसा’ म्हणत. धोंडू, दगडू हीदेखील ओबडधोबडच नावे. पण ती दृष्ट लागू नये, मूल जगावे म्हणून ठेवलेली. नकोशीचे तसे नाही. ते नाव शाळेच्या हजेरीत रोज पुकारले जाई आणि पोरीला ‘हजर’ म्हणावे लागे. अखेर ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात समारंभ होऊन २८५ मुलींना नव्या नावांचे दाखले मिळाले. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली.

हजेरीतले नाव असे बदलता येते. काळी, बुटकी, लुकडा, दातऱ्या ही नावे कुठल्याच दप्तरात नसतात. ती घरची माणसेच ठेवतात, तीही थट्टेने. सोळा-सतराव्या वर्षी, स्थळे पाहण्याच्या बोलण्यात, त्यांना धार येते. मग मुलगी फोटोत मागच्या रांगेत उभी राहते. मुलगा तोंडावर हात धरून हसतो. उत्तर येत असूनही बोट वर होत नाही, आणि आपण गुरुजी प्रगतिपुस्तकात लिहितो: स्वभाव लाजाळू.